ऋण

पुण्यात आमच्या घरी अकरावीतल्या लेकीने विचारले, "ऋण संख्येने भागले की असमानतेचे चिन्ह का उलटते?" उत्तर मला शब्दातच सापडले. ऋण म्हणजे कर्ज. भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातल्या 'बीजगणिता'तही हाच शब्द आहे. पाच रुपये दोनांहून अधिक, पण पाचांचा कर्जदार दोनांच्या कर्जदाराहून गरीब. (इंग्रजी 'निगेटिव्ह'ने हे सांगितले नसते.) म्हणून −२क्ष < ६ च्या दोन्ही बाजू −२ ने भागता क्ष > −३ होते. इथे उत्तर एक नाही. −३ च्या उजवीकडची अवघी रेषाच उत्तर आहे. −३ मात्र तीत नाही. कवितेचा कोणताही अर्थ चालतो, असे वर्गात कोणी म्हणाले की मी हल्ली फळ्यावर ही रेषा काढते, −३ पाशी पोकळ वर्तुळ ठेवून.