कोकणाचे पुढचे दार

(थ्रेड : कल्याणची खाडी, चार फेरीबोटी आणि दोन हजार वर्षांची एक यादी)

१/
विठ्ठलवाडी हे कल्याणहून कर्जतकडे जाताना लागणारे पहिले स्थानक. तेथे राहणाऱ्या एका कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात गाडीने कोकणात जाण्याचा बेत आखला. गाडी मुलगी चालवणार होती. शेजारी वडील, एस.टी.चे निवृत्त चालक. महाड, चिपळूण, संगमेश्वर या रस्त्याचे प्रत्येक वळण त्यांना पाठ. मुलीने नकाशा पुढे केला. "बाबा, या वेळी हायवेने नाही जायचं. किनाऱ्याने जाऊ. चार ठिकाणी गाडी बोटीत चढवायची." वडील काही बोलले नाहीत.

२/
त्या मौनाला एक तारीख होती : १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येच्या सकाळी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका घरात ती बातमी पोचली, तेव्हा वडिलांची आई नवी नवरी होती. तिचा नवरा गिरणीत कामाला होता आणि मुंबईला आगबोटीनेच ये-जा करत होता. पुढे एस.टी. गावापर्यंत आली, तेव्हा तिने मुलांना बजावले : यायचे तर गाडीने यायचे, पाण्यावरून नाही. मुलाने तो शब्द पाळला. इतकेच नव्हे, तो एस.टी.चा चालक झाला.

३/
हा महामार्ग समुद्रापासून इतका आत का, याचे उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या मुखाशी रुंद खाड्या होतात. तेथे पूल बांधणे अवघड आणि खर्चिक. म्हणून रस्त्याने नदी जिथे अरुंद होते ती जागा निवडली : सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर. म्हणजे प्रत्येक खाडीला दोन टोके मिळाली. आतल्या टोकाच्या गावाला महामार्ग लाभला. मुखावरच्या बंदराच्या वाट्याला रस्त्याचा शेवट आला.

४/
जलवाहतुकीच्या काळात ही दोन टोके एकाच व्यवहाराचे दोन भाग होती. मुखाशी जहाजे थांबत, भरतीबरोबर माल लहान होड्यांतून आत जाई आणि तेथून बैलांच्या तांड्यांनी घाट चढून देशावर पोचे. चिपळूणला कुंभार्ली घाट, महाडला वरंधा. कल्याणही असेच आतल्या टोकाचे बंदर. उल्हास नदीच्या खाडीने ते समुद्राला जोडलेले आणि नाणेघाटाने जुन्नरला. १६५७ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची उभारणी याच खाडीत सुरू झाली. विठ्ठलवाडीतून निघालेली ती गाडी, नकळत का होईना, एका बंदरातूनच निघाली होती.

५/
इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' लिहिला. त्यात कल्याण 'कल्लिएना' या नावाने येते आणि तेथून दक्षिणेकडच्या बाजारपेठांची नावे ओळीने दिली आहेत : सेमुल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझिगारा, बिझँटियम... वर्णन जवळजवळ नाही, केवळ क्रम आहे. विल्फ्रेड शॉफ याने १९१२ साली इंग्रजी भाषांतराच्या टिपांत ही ठिकाणे अनुक्रमे चौल, बाणकोट, दाभोळ, जयगड आणि विजयदुर्ग अशी जुळवली. चौलविषयी बहुतेकांचे एकमत आहे. पुढच्या नावांवर वाद आहेत.

६/
ही यादी मुलीने अभ्यासाच्या पुस्तकात वाचली होती. प्रवासाचा मार्ग तिने त्यावरूनच बेतला होता. पहिला थांबा चौल-रेवदंडा. पलीकडच्या कोर्लई गावात आजही काही कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. मुरूड ओलांडून गाडी आगरदांड्याला आली. समोर दिघी, डावीकडे आत शिरलेली राजपुरीची खाडी. याच खाडीच्या मुखाबाहेर सिद्दीचा जंजिरा आहे आणि त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्गही.

७/
स्थानिक लोक या सपाट बोटीला 'जंगलजेटी' म्हणतात. गाडी फळीवरून आत गेली, हँडब्रेक ओढला गेला, किनारा मागे सरकू लागला. वडील काचेला हात लावून बसले होते. "बाबा, भीती वाटतेय का?" "भीती नाही गं. पण स्टिअरिंग कुणाच्याच हातात नाही आणि गाडी चाललीय, हे काही पटत नाही." ती हसली. मग तेही हसले आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहिले.

८/
दुसरी फेरी बागमांडला ते वेश्वी, सावित्रीच्या मुखाशी. उजव्या हाताला बाणकोटचा किल्ला. १७५५-५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या पाडावाच्या धामधुमीत तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचे नाव 'फोर्ट व्हिक्टोरिया' झाले. महाबळेश्वरचा आर्थर सीट ज्या आर्थर मॅलेटच्या नावाने ओळखला जातो, त्याची पत्नी आणि तान्हे मूल याच मुखाशी बोट उलटून बुडाले. त्या कड्यावरून दिसते ते सावित्रीचेच खोरे. नदीच्या उगमाशी आणि मुखाशी एकच शोक नोंदलेला आहे.

९/
वेश्वीच्या धक्क्यावर उतरताना वडिलांनी आपणहून एक यादी म्हणायला सुरुवात केली : "श्रीवर्धन, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी..." त्यांचे वडील ज्या आगबोटीने येत, तिचे हे थांबे. अनेक ठिकाणी आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबे आणि पडावातून माणसे, ट्रंका, पोरे उतरवली जात. नवरा कुठवर आला असेल याचा हिशेब करत त्यांची आई ही नावे रात्री पुटपुटत असे. मुलीने पेरिप्लसची यादी शेजारी मांडून पाहिली. नावे बदलली होती, क्रम तोच होता.

१०/
तिसरी फेरी दाभोळ ते धोपावे. २००३ पासून ती चालू आहे. तरीही चिपळूणवरून जाण्याच्या सवयीमुळे वडील येथून कधी गेले नव्हते. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि परतताना दाभोळहून जहाजात बसला. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने हे शहर जाळले. आज धक्क्यावर मासळीची टोपली, दोन दुचाकी आणि शाळेतून परतणारी मुले.

११/
बोट मध्यावर असताना वडिलांनी पलीकडच्या माडांकडे बोट दाखवले. त्यांचे घर दिसत होते. पण ते ओळखायला त्यांना वेळ लागला. पायऱ्या, तुळशीवृंदावन, ओटी, सारे खाडीच्या बाजूला. एस.टी.चा रस्ता घराच्या मागून जातो. "म्हणजे मी जन्मभर मागच्या दाराने घरात शिरलो," ते म्हणाले. आजोबांच्या काळी पाहुणा पाण्यावरून येई, म्हणून घराचे तोंड पाण्याकडे. रस्ता आला आणि घराची पाठ दर्शनी झाली. संपूर्ण किनाऱ्याचे जे झाले, ते एका घरात दिसत होते.

१२/
किनारा फेरीबोटींनी जोडून पाहण्याची अशी सफर युरोपच्या पश्चिम टोकालाही करता येते. ब्रिटनी प्रांतातील ब्रेटन भाषा समुद्र ओलांडून ब्रिटनमधूनच तेथे गेली. १९७३ साली ब्रिटनीच्या भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपला माल नेण्यासाठी इंग्लंडकडे फेरीसेवा सुरू केली. स्कॉटलंडच्या स्काय बेटाला १९९५ साली पूल मिळाला आणि तेथील मुख्य फेरी थांबली. पुलाच्या टोलविरुद्ध लोक अनेक वर्षे झगडले. २००४ साली तो रद्द झाला. जवळच्याच ग्लेनेल्गची लहान फेरी मात्र स्थानिक लोक स्वतः चालवतात.

१३/
कोकणातही पूल येत आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांची. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने या खाड्यांवरील पूल हाती घेतले आहेत. त्याविषयी हळहळणे हे पर्यटकाचे सुख आहे. शेवटची फेरी सुटल्यावर ज्याच्या घरात रुग्ण अडतो, त्याला पूल हवाच. गाडीत बसून हे आधी वडीलच म्हणाले. चालकाला रस्त्याची किंमत अधिक कळते.

१४/
चौथी फेरी तवसाळ ते जयगड, शास्त्रीच्या मुखाशी. तिच्या आदल्या रात्री मुक्काम गावच्या घरीच होता. गाडी रस्त्यावर उभी करून वडील मागच्या दाराशी आले, थांबले आणि घराला वळसा घालून खाडीच्या बाजूने पायऱ्या चढून आत गेले. सकाळी मुलीने एका कागदावर तीन याद्या शेजारी शेजारी लिहिल्या : ग्रीक व्यापाऱ्याची, आजीची आणि फेरीबोटींची. पहिल्या रकान्याच्या माथ्यावर नाव होते कल्लिएना, म्हणजे कल्याण. दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावर तिने 'मुंबई' लिहिले. तिसऱ्यावर काय लिहावे हे तिने वडिलांना विचारले. ते म्हणाले, "विठ्ठलवाडी लिही. तिथूनच निघालो ना आपण."