घाटातली सरासरी

वसतिगृह सुटले, आम्हा सोबत्यांची पांगापांग झाली. तरी सायकलीचा नाद मात्र कोणाचा सुटला नाही. रविवारी किती किलोमीटर झाले, सरासरी वेग किती पडला, हे एकमेकांस कळविण्याची रीत आम्ही अजून पाळतो. नागपूरचा मित्र वर्धा रस्त्यावरून ताशी 24 ची सरासरी कळवी. वाईचा मित्र पसरणी घाट चढून पाचगणीस जाई व परते. त्याची सरासरी 17 च्या पुढे सरकत नसे. गेल्या वर्षी त्याने आकडे धाडणे एकाएकी थांबविले. वय झाले, सायकल पुतण्यास देऊन टाकतो, असे त्याने सांगितले. तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

वाई ते पाचगणी अंतर सुमारे 12 किलोमीटर. तेवढ्यात रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो. मित्रास चढायला एक तास लागे, उतरायला 24 मिनिटे. म्हणजे चढताना ताशी 12, उतरताना ताशी 30. या दोहोंचा मध्य 21 येतो, म्हणून आपणच कोठे कमी पडतो, असे त्याच्या मनाने घेतले होते. परंतु संथ गतीत तो 60 मिनिटे असे आणि वेगात अवघी 24. 24 किलोमीटरांस 84 मिनिटे, म्हणजे ताशी 17 च. नागपूरकराची बरोबरी करायची तर हे सारे अंतर एका तासात कापावे लागेल, आणि तो तास तर पाचगणीस पोहोचेतोच संपलेला! उतार शून्य मिनिटांत उतरणे कोणास साधेल?

चढावर खर्ची पडलेले बळ उतारावर परत मिळते, हा समज अर्धाच खरा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. उरलेसुरले वळणावळणावर ब्रेक खातात. समोरून एस.टी. येते ती वेगळीच.

श्रमांचा हिशेब तर आम्हांसही नवा होता. सायकलीसह 80 किलोंचा भार तासाभरात तेवढा वर न्यायचा, तर चाकांचा व हवेचा विरोध धरून सतत दीडशे वॉटच्या घरात शक्ती लागते. सपाट, वारा नसलेल्या रस्त्यावर ताशी 24 ने जाण्यास शंभर-सव्वाशे वॉट पुरतात. मागे पडलेला गडीच अधिक राबत होता. नागपूरकराची बाजूही सांगितली पाहिजे: सपाटीवर पाय थांबविण्याची सोय नाही, आणि समोरून वारा सुटला की तोही एक घाटच होतो.

हिशेबाचा कागद वाईस धाडला. आठवडाभर उत्तर आले नाही. मग एका रविवारी नुसता एक आकडा आला: पायथ्यापासून पाचगणीपर्यंत 58 मिनिटे. पुतण्यास दुसरी सायकल घेऊन द्यावी लागली, असे मागाहून समजले. येत्या हिवाळ्यात नागपूरकर वाईस उतरणार आहेत.