समुद्रसपाटीपासून उंची

गावाच्या माहितीपत्रकात एक रकाना हमखास असतो : समुद्रसपाटीपासून उंची. माथेरानच्या लोकांनी तो खुशाल ऐटीत भरावा. पेणच्या खारेपाटातलं माझं आजोळ मात्र तिथं अडतं, कारण उत्तर दिवसातून चार वेळा बदलतं. ओहोटीला गाव वर आणि समुद्र खाली. भरतीला दोघं बरोबरीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर उभं राहिलं की एका हाताला खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याला भिडलेलं दिसतं आणि दुसऱ्या हाताला, त्या पाण्याच्या बऱ्याच खाली, भाताचं शेत निवांत डुलत असतं. मध्ये तीन-चार पावलं रुंदीचा चिखल. त्या चिखलाच्या भरवशावर पलीकडच्या घरांत माणसं झोपलेली.

हा रकाना माझ्यापुढं आला तो मामेभावाच्या मुलामुळं. तो ग्रामपंचायतीत निवडून आला आणि गावाची एक पुस्तिका काढायची त्यानं मनावर घेतलं : पर्यटकांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी. नमुना म्हणून त्यानं मोबाइलवर इंडोनेशियातल्या एका खेड्याची पुस्तिका दाखवली. पुढच्या पानांवर हिरवी खाचरं, विणलेल्या टोपल्या, हसऱ्या बायका. मागच्या पानांवर हेक्टर, टक्के आणि ‘गुंतवणुकीच्या संधी’. “काका, तुम्ही लिहिता. आपलं असंच करून द्या. अटल सेतू झाल्यापासून मुंबई किती जवळ आली, ते मात्र पहिल्याच पानावर टाका.” 12 जानेवारी 2024 ला तो पूल सुरू झाला आणि तेव्हापासून खारेपाटात शनिवार-रविवारी काळ्या काचांच्या गाड्या बांधाच्या तोंडाशी उभ्या राहतात. आतली माणसं उतरतात, नाकाला रुमाल लावतात, क्षितिजापर्यंत पसरलेल्या मैदानाकडं बघतात. त्यांच्या तोंडून येणारा शब्द बहुतेक वेळा एकच असतो : फ्लॅट. जमीन किती सपाट आहे!

सपाट आहे, खरंच. पण ती तशी सापडलेली नाही.

धरमतरची खाडी, अंबा नदी, पाताळगंगा आणि पेण गावातून येणारी भोगावती यांच्या मध्ये जे काही आहे ते मुळात भरतीच्या पाण्याचं अंगण. तिथं कांदळ उगवावं, निवट्यांनी उड्या माराव्यात, चिंबोऱ्यांनी बिळं करावीत. कुणीतरी कधीतरी ओहोटीच्या वेळी खाडीतल्या चिखलाचे गोळे कापले, हातोहात पुढं दिले, एकावर एक थापले. एक बाहेरकाठा उभा राहिला. मग आतला काठा. जिथून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं तिथं उघाडी बसवली. उघाडीची करामत मला अजून नवलाची वाटते : तिचं दार भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतं आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतं. ना वीज, ना पहारेकरी. चंद्राच्या वेळापत्रकावर चालणारं दार.

एवढ्यानं भात पिकत नाही. जमिनीत मुरलेलं मीठ पावसानं धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. तोवर पोटाला चिमटा. मग राता भात येतो, तांबूस, जाडसर, खाऱ्या मातीला न भिणारा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पुढं ‘पनवेल’ नावाच्या नव्या जाती दिल्या, पण म्हाताऱ्यांच्या जिभेवर अजून राताच आहे. खारीत लावणीही अनेक ठिकाणी होत नसे. मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. आणि उधाणाला कुठं खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की एका रात्रीत सगळं पुन्हा शून्यावर. पुन्हा मीठ, पुन्हा पावसाळे मोजणं.

म्हणून खारेपाटात बांध ही कुणा एकाची मालमत्ता नव्हती. शेतकऱ्यांनी मिळून बांधबंदिस्ती करायची, या रिवाजाला जोळ म्हणत. शिमगा उलटला की ज्याची जेवढी जमीन तेवढी त्याची माणसं बांधावर. रात्री-अपरात्री खांड पडल्याची हाळी आली तर मात्र हिशेब नाही, घरात असतील तेवढी. 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरात शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. बांध घालून जमीन उभी करणाऱ्याचा तिच्यावरचा हक्क साहेबाच्या सरकारलाही मान्य करावा लागला होता. स्वातंत्र्यानंतर 1948 चा खारजमीन कायदा आला, मंडळ आलं, 1979 मध्ये नवा कायदा आला. बांध सरकारी झाले. चांगलं झालं, असं मी बरीच वर्षं ऐकत आलो, आणि निधी, दगडी पिचिंग, यंत्रं हे सगळं खरंच आलं. पण हाळी घातली तर धावायचं कुणी, हे त्यानंतर धूसर होत गेलं. फाइल भरतीच्या वेळा पाळत नाही. आता खाडीतून मालाची बार्ज जातात, त्यांच्या लाटा बांधाला खातात, आणि खांड पडली की पंचनामा होतो. पंचनाम्यानं मीठ धुऊन निघत नाही.

पोरानं दाखवलेल्या त्या इंडोनेशियातच, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, समारांग शहराच्या शेजारी, देमाक नावाचा जिल्हा आहे. तिथं तिंबुलस्लोको नावाचं गाव होतं. ‘आहे’ म्हणणं जिवावर येतं. भाताची शेती गेली, कोळंबीची तळी आली, तळ्यांसाठी कांदळवन तोडलं, शहरानं आणि कारखान्यांनी भूजल उपसलं, जमीन खचत गेली आणि समुद्र आत शिरला. उरलेली माणसं घराची जमीन पुन्हा पुन्हा वर उचलतात. छत मात्र तिथंच राहतं, त्यामुळं काही घरांत वाकून वावरावं लागतं. गल्ल्यांच्या जागी लाकडी फळ्यांच्या वाटा. मी पोराला म्हटलं, तुझ्या त्या हिरव्या पुस्तिकेच्या शेजारी हेही ठेव. दोन्ही एकाच देशातली गावं आहेत आणि यातलं आपल्या जवळचं कुठलं, ते आजीला विचार.

त्याला हे पटलं असं नाही. तरुण माणसाला संधी हवी असते आणि त्यात गैर काही नाही. त्याच्या यादीत पहिलं नाव होतं हमरापूरचं. बरोबरच आहे. पेण म्हटलं की गणपती, पण मूर्तींचा मोठा पसारा आता हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत आहे. घरटी कारखाना, आणि हा शब्द तिथं धुरांड्याशिवाय वापरतात. पडवीत साचे, अंगणात वाळणाऱ्या मूर्ती, बायकांच्या हातात ब्रश. कुणी फक्त सोंडेचं फिनिशिंग करतं, कुणी फक्त पितांबर रंगवतं. डोळ्यांच्या आखणीला मात्र ठरलेलाच हात लागतो, आणि तो हात चालू असताना कारखान्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. कच्च्या मूर्ती माघापासूनच ट्रकांत भरून दूरदूर जातात. विसर्जन झालं की आठवड्याभरात पुढल्या वर्षाचं काम. शाडू की प्लास्टर हा वाद 2020 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांपासून फार तापला, न्यायालयात गेला, घराघरांत कर्जाचे हप्ते आणि जलचरांचे श्वास एकाच तराजूत पडले. माझं मत शाडूच्या बाजूचं आहे, पण ते मत मला फुकटात पडतं. ज्याच्या गोदामात मूर्ती अडकून पडल्या त्याला ते महागात पडलं.

एवढं असून हमरापूरला गुंतवणूकदाराची वाट बघावी लागली नाही, हे मला पोराच्या नजरेला आणून द्यायचं होतं. पेणच्या घरात मूर्ती बघून शिकलेला एखादा पोरगा आपल्या गावी गेला, त्यानं साचा नेला, शेजारच्यानं बघितलं. गाव असंच भरत गेलं.

पर्यटकांसाठी काय, हा पुढचा प्रश्न. खरं सांगायचं तर आमच्या गावात बघण्यासारखं बांध सोडून काही नाही. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या कुशीत, गागोदे आहे. 11 सप्टेंबर 1895 ला तिथं विनोबा जन्मले आणि बडोद्याला जाईपर्यंत तिथंच वाढले. घरचा फणस पिकला की आधी शेजारीपाजारी गरे पोचवायचे आणि मग घरच्यांनी खायचे, ही त्यांच्या आठवणीतली गागोद्याची शिकवण. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली, तेव्हा भूदान सुरू झालं. म्हणजे जमीन मागत देशभर पायी फिरलेला माणूस पेण तालुक्यातला, आणि जमीन मागायला आलेल्यांना लेखी उत्तर देणारी गावंही पेण तालुक्यातलीच.

ते उत्तर सांगण्याआधी रोह्याकडं एक फेरी मारतो, कारण पर्यटनाचा नमुना म्हणून पोरानं मला तिकडंच पिटाळलं होतं. पेणहून पॅसेंजर धरली की कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. इथं मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पुढं कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगचा मोठा धंदा आहे. लाइफ जॅकेट घातलेली शहरी पोरं सकाळी रांगेनं बसलेली, कारण पाणी सकाळीच येतं. भर उन्हाळ्यात कोकणातल्या नदीला पूर कसा, हे त्यांच्यातलं क्वचितच कुणी विचारतं. ते पाणी वीज करून मोकळं झालेलं आहे. घाटावर मुळशीच्या तलावात साठायचं, 1927 पासून चालू असलेल्या भिऱ्याच्या वीजघरात कोसळायचं, रवाळजेहून सुटायचं आणि मग राफ्टखाली यायचं. त्या तलावाखाली मावळातली गावं आहेत. त्यांच्यासाठी 1921 साली मुळशी सत्याग्रह झाला, त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. राफ्टवाल्या पोरांना काम मिळालं, धाब्यांना गिऱ्हाईक मिळालं, खाली धाटावच्या कारखान्यांनाही याच नदीचं पाणी. कुंडलिका पुरेपूर वापरली गेलेली नदी आहे. फक्त ज्यांच्या शेतावरून ते पाणी सुरू होतं त्यांचं नाव कुठल्याही फलकावर नाही.

आमच्याकडंही धरणाची गोष्ट आहेच. हेटवणे. त्याच्या लाभक्षेत्रात खारेपाटातली गावं कागदावर होती. पाणी मोठ्या नळानं नवी मुंबईकडं गेलं आणि आमच्या बाजूचे कालवे रखडले. चहूबाजूंनी पाणी असलेल्या गावात मामी पहाटे तीनला हंडे घेऊन नळावर बसायची. तेवढ्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला. खारेपाटाची तीच सपाटी नकाशावर कुणाच्या तरी डोळ्यात भरली होती. मोर्चे निघाले, प्रा. एन. डी. पाटलांच्या सभा झाल्या, आणि शेवटी 21 सप्टेंबर 2008 ला हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारनंच शेतकऱ्यांचा कौल घेतला. जमीन द्यायची की नाही, यावर मतदान. माझी मामी आयुष्यात पहिल्यांदा अशा प्रश्नावर मत द्यायला गेली ज्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. कौल कुठल्या बाजूला गेला, हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. पुढं भूसंपादनाची मुदत उलटली आणि प्रकल्प मागं पडला.

गुंतवणूकदारांना आमचा विरोध होता असं यावरून कुणी म्हटलं, तर मला हसू येतं. वीस-वीस पिढ्या चिखल थापणारी माणसं गुंतवणूकदार नव्हती तर कोण होती? त्यांनी घातलेलं भांडवल बांधाच्या पोटात आहे आणि ते सातबाऱ्यावर दिसत नाही, एवढीच अडचण. सातबारा क्षेत्र सांगतो, आकार सांगतो. ती जमीन आधी पाणी होती, हे सांगायला त्यात जागा नाही. म्हणून भाव ठरतो तो मुंबईच्या अंतरावरून.

आता उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांवर नव्या नगराचा आराखडा आहे, लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. विरार-अलिबाग रस्त्याचं एक टोक बलवलीला येणार. यावेळी गावात एकमत नाही. ज्यांच्या खारीत खांड पडून वर्षानुवर्षं भात नाही, त्यांना विकणं शहाणपणाचं वाटतं, आणि त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझं म्हणणं एवढंच, की विकणाऱ्यानं सपाटीचे पैसे वेगळे मागावेत, जमिनीच्या भावावर. ती करायला खर्च आला आहे.

पुस्तिकेत मी ‘गुंतवणुकीच्या संधी’खाली तीन ओळी लिहिल्या : बाहेरकाठ्याची दुरुस्ती, उघाड्यांची नवी दारं, कांदळवन जसं आहे तसं राखणं. पोरानं वाचलं, मान हलवली आणि स्वतःच्या हातानं चौथी ओळ घातली : निवास-न्याहारी, खोल्या चार. ठीक आहे. येणाऱ्यांनी पौषात यावं, असं मी खाली जोडलं. तेव्हा वालाच्या शेंगा भरतात, भांबुर्ड्याच्या पाल्यात मडकं भरून पोपटी लागते, आणि बांधावरून चालायला वाट कोरडी असते. बांधाच्या माथ्यावर गाडी घालू नये, ही सूचना ठळक अक्षरांत.

मग आम्ही जेवणाच्या पानाला हात घातला. राता तांदळाची भाकरी, सुकट, पोह्यांचे पापड. आणि अर्थात जिताडा : घरामागच्या तळ्यात सांभाळलेला, पाहुण्याला किंवा ज्याच्या टेबलावर आपला कागद अडलाय अशा साहेबाला देण्यासाठी राखून ठेवलेला. पोरगा मोठ्या उत्साहानं वाचून दाखवत होता. मामी कोळंबी सोलत ऐकत होती. जिताड्यापाशी तिनं हात थांबवला.

“त्या जिताऱ्याचा काय लिवू नको,” ती म्हणाली. “लिवलास तं आमाला खावाला काय र्‍हनार?”

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी पेन उचलून ती ओळ खोडली.