निरोगी, पण कुठले?

मोठ्या आतड्याच्या निरोगी तुकड्यांमधली जनुके तपासतो, असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "निरोगीच आहे ना, मग त्यात काय बघायचं?"

बघायचे हे, की निरोगी आतडे सगळीकडे सारखे नसते. कोलोनोस्कोपीत चिमट्याने काढलेला तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. तो लगेच रसायनात बुडवावा लागतो, नाहीतर आरएनए बघता बघता विरतो. जनुके सगळ्या पेशींत तीच. त्यांतली कोणती चालू आहेत आणि किती जोरात, हे आरएनए सांगतो. उजवीकडचा आणि डावीकडचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. आरएनए मोजला की मात्र 'पीआरएसी१' हे जनुक दोघांना झटक्यात वेगळे काढते. उजवीकडे ते जवळपास गप्प असते, गुदाशयाकडे येता येता त्याचा आवाज चढतो. गुणसूत्रावर त्याच्या शेजारी 'हॉक्सबी१३' आहे. गर्भात कोणता अवयव पुढे, कोणता मागे हे ठरवणाऱ्या घराण्यातले हे जनुक.

मुळात दोन्ही बाजूंचे कूळच वेगळे. उजवे आतडे गर्भाच्या मध्यांत्रापासून बनते, डावे पश्चांत्रापासून. रक्त पुरवणाऱ्या धमन्याही वेगळ्या. पण सगळेच काही जन्मजात नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रौढांच्या दोन्ही बाजूंत हजाराहून जास्त जनुकांचा फरक निघाला. गर्भाच्या आतड्यात तो फक्त ८७ जनुकांचा होता. उरलेला फरक वाढत्या वयात पडतो. माझा संशय जिवाणू आणि पित्ताम्लांवर आहे.

कॅन्सरही बाजू पाळतो. 'बीआरएएफ' जनुकातला बदल, डीएनए दुरुस्तीतला बिघाड हे उजवीकडे जास्त. गुणसूत्रांची मोडतोड डावीकडे जास्त. पसरलेल्या कॅन्सरमध्ये, 'रास' जनुके शाबूत असली तर, सेटुक्सिमॅब हे औषध डाव्या गाठींवर चांगले चालते, उजव्यांवर फारसे नाही. त्याला प्रतिसाद देणाऱ्या गाठींत ज्या 'इआरइजी' आणि 'एआरइजी' जनुकांची पातळी चढी असते, ती डावीकडेच जास्त बोलकी.

म्हणूनच तुलनेला घेतलेले 'निरोगी' कुठले, हे मी आधी विचारतो. अमेरिकेच्या 'जीटेक्स' प्रकल्पात मृत दात्यांच्या ऊतींची माहिती सगळ्यांना खुली आहे, आणि ती फार उपयोगाचीही आहे. पण त्यात आडव्या आतड्याचा नमुना अस्तरासकट घेतलेला आहे, डावीकडच्या सिग्मॉइड भागाचा नुसत्या स्नायूंच्या थराचा. कॅन्सर उगवतो अस्तरात! दोन्ही नमुने शेजारी ठेवून उजवे-डावे शोधणाऱ्याच्या हाती अस्तर आणि स्नायू यांतला फरक लागतो. आकडेवारी चोख असते, फरक योगायोगाचा नसावा असे सुचवणारी 'पी' ची किंमतही देखणी येते.

गाठीलगतचा 'चांगला' तुकडा तर आणखी फसवा. २०१७ मध्ये अनेक अवयवांच्या पाहणीत दिसले, की गाठीशेजारची ऊती धड निरोगी नसते आणि धड गाठही नसते. तिथे सूज सांगणारी जनुके जागी झालेली असतात. पूर्ण निरोगी माणूस घेतला तरी अस्तर कोरे मिळत नाही. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने अस्तरातल्या सूक्ष्म नळीसारख्या ग्रंथींचा डीएनए एकेक करून वाचला. मध्यमवयीन माणसांच्या सुमारे एक टक्का ग्रंथींत कॅन्सरला हातभार लावणारा बदल आधीच होता. त्यांतल्या बहुतेकींचे पुढे काहीच होत नाही. काहींचेच का होते, हे गाठ चिरून कळणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या नमुन्यांच्या अर्जावर जागेच्या रकान्यात अजूनही नुसते 'कोलन' लिहिलेले असते. मी फोन करतो. उजवे की डावे, गाठीपासून किती सेंटिमीटर, अस्तर किती खोलवर घेतले, हे कळल्याशिवाय मशीन चालू करत नाही.