थेंब कुठून पडतो?

दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमधून पेट्रोलचा वास जात नाही. कोल्हापूरच्या पावसात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या बुलेट, जावा, येझदी पूजेसाठी बाहेर निघतात, कॉक उघडला जातो आणि कार्बोरेटर गळायला लागतो. "निडल बदलून टाका," गिऱ्हाईक म्हणतं. मी आधी विचारतो, थेंब कुठून पडतो, आणि कधी?

ओव्हरफ्लोच्या नळीतून धार लागली, तर बहुधा कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल प्रमाणाबाहेर चढतंय. वाटीच्या कडेनं ओल सुटली, तर गास्केट गेलंय किंवा स्क्रू आवळून आवळून कड वाकलीय. काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून ती घासून सपाट करता येते. गाडी साइडस्टँडवर असतानाच गळत असेल, तर पातळी आधीच काठाला टेकलेली असते. जुन्या अमल आणि जिकोव्ह कार्बोरेटरला फ्लोट खाली दाबायचं टिकलरचं बटण असतं. ते दाबलेलंच अडकून बसलं तरी असंच होतं.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला चेंडू जे करतो, तेच इथे फ्लोट करतो. पेट्रोल चढलं की तो निडल वर ढकलतो, निडलचं टोक सीटमध्ये बसतं, वाट बंद होते. टाकीतल्या गंजाचा एक कण मधे आला तरी ती बंद होत नाही. म्हणून मी निडल फेकत नाही, तिच्या टोकावरून आधी नख फिरवतो. नख अडकलं, म्हणजे तिथे चरा पडलाय आणि निडल संपली. सीटला व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावणारे कारागीर पाहिले की माझा जीव तुटतो. धातूचं पॉलिश आणि कापसाचा बोळा पुरतो.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळलं, तर सांध्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे जागा दाखवतात. आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय डाग देऊ नये, कारण बंद फ्लोटमधल्या वाफेला सोल्डरिंगच्या इस्त्रीची उष्णता लागली तर तो हातात फुटेल. आणि डाग अगदी थोडा द्यावा. जादा कथलानं फ्लोट जड होतो, खोल बुडतो आणि पातळी पुन्हा चढते.

आता इथेनॉलचं. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के होतं, आता २० टक्क्यांवर गेलंय. मी ऊसवाल्याच्या घरातला, आमच्या कारखान्यांत ते बनतं याचं मला समाधान आहे. पण १९७० सालच्या रबराला आणि कॉकमधल्या बुचाला ते सोसत नाही. शिवाय ते पाणी ओढून घेतं. पावसाळाभर उभ्या गाडीच्या वाटीत मग पांढरी पिठासारखी भुकटी साचते. गाडी उभी करण्याआधी वाटी रिकामी करा, हे मी दर जूनमध्ये सांगतो.

गळती जमिनीवर दिसते तोवर बरं. दिसत नाही तेव्हा पेट्रोल इंजिनात उतरतं. बुलेटमध्ये ते रिंगांवरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि बेअरिंग खातं. जावाच्या क्रँककेसमध्ये ते साचून राहतं आणि प्लग ओला होतो. बुलेटच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.

गेल्या वर्षी निवृत्त शिक्षक असलेले एक सर १९८०च्या दशकातली बुलेट घेऊन आले. दुसऱ्या गॅरेजात दोनदा निडल बदलली होती, एकदा फ्लोट. "तरी गळतंयच की," म्हणाले. मी नवी निडल पाहिली, चांगली होती. पातळी बरोबर होती. मग वाटी सोडवली, नेहमीच्या पातळीपर्यंतच पेट्रोलनं भरली आणि कोऱ्या कागदावर धरली. निडल नाही, फ्लोट नाही, तरी कागदावर डाग उमटला. ओव्हरफ्लोची जी पितळी नळी वाटीत उभी असते, तिला केसाएवढी चीर होती. पातळी नळीच्या तोंडाच्या खालीच होती, पण चीर पातळीच्याही खाली.

वाटी धुऊन, सुकवून, चिरेवर बारीक डाग दिला. रात्रभर कॉक उघडा ठेवून गाडी अंगणात उभी केली, खाली कागद पसरला, आसपास विडी-काडी कुणाला पेटवू दिली नाही. सकाळी सर आले, ते गाडीकडे न बघता आधी कागदाशी वाकले. कागद कोरडा होता. कॉक मी बंद केला आणि यापुढे रोज रात्री तो तसाच बंद करायचा, एवढं त्यांना सांगितलं.