बेडूक मोजणारा पत्रकार

रात्री साडेनऊला छत्री, बॅटरी, वही घेऊन निघालो की बायको विचारते, "बातम्या संपल्या काय?"

यंदा पावसाळाभर आम्ही पाच जण दर शनिवारी बेडकांची नोंद करतोय. तळ्याकाठी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, आवाज ओळखायचे, लिहायचे. बस्स. बेडूक पाणी कातडीतूनच घेतो, त्यामुळे तणनाशक असो की गटार, आधी त्याच्या अंगात जातं. आपल्या आंबोलीत तर असा एक भेक आहे, ज्याची शास्त्रीय नोंद २००९ साली झाली आणि जो जगात इतरत्र कुठेच सापडलेला नाही.

वरच्या तळ्यावर डराव डराव ऐकून कान किटतात. खालच्या तळ्यावर पाच शनिवार मी शून्य लिहिलंय.

या खालच्या तळ्याचं सुशोभीकरण झालं तेव्हा बातमी मीच केली होती, फोटोसकट. कारंजं, दिवे, चारी बाजूंनी उभी सिमेंटची भिंत. काठचा चिखल, गवत गेलं. बेडकाच्या पिल्लाने बाहेर यायचं कुठून, हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही. खर्चाचा आकडा मात्र अचूक छापला.

आता हे शून्य घेऊन ग्रामसभेत जाणार आहे. एका बाजूची भिंत फोडून उतार करा, एवढंच मागणं. तोवर शनिवारी कुणी येणार असाल तर गमबूट आणा. आणि मोबाईल सायलेंटवर, प्लीज.