तीन सेकंदांचा विलंब
भोसरीतल्या एका कारखान्यातील पीएलसी प्रोग्रॅमचे दस्तऐवज लिहायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्याचा मूळ लेखक नोकरी सोडून गेला होता. त्या जुन्या नियंत्रकाच्या स्मृतीत फक्त आज्ञा होत्या. नावे आणि टिपा असलेली फाइल हरवली होती. १९९३ साली आयईसीच्या मानकाने या भाषांचे व्याकरण ठरवले, पण हेतू सांगण्याची सक्ती कोणतेच व्याकरण करत नाही.

लॅडरच्या एका पायरीवर तीन सेकंदांचा विलंब होता. तो निरर्थक समजून मी काढणार, तोच एक वृद्ध फिटर म्हणाले, "साहेब, दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. नाहीतर हात जाईल कुणाचा."

ते वाक्य मी त्या पायरीशेजारी जसेच्या तसे लिहिले. संहितेबाहेरचा संदर्भ अनावश्यक असतो, असे त्यानंतर मला कधी म्हणवले नाही.